सही माझीच आहे, मग पैसे गेलेच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, काही चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही राहता डोंबिवलीला, नोकरी मुंबईत, गाव राजापूर तालुक्यात. गेल्या गणपतीत गावी आला होतात तेव्हा रत्नागिरीत एका चालू बांधकामात आईवडिलांसाठी फ्लॅट बघितला, हॉस्पिटल जवळ, बाजार जवळ, किंमत ३२ लाख. 'गणपती ऑफर विसर्जनापर्यंतच' असं ऐकल्यावर तिथल्या तिथे ६ लाख ४० हजार भरलेत. हातात कागद म्हणजे एक बुकिंग फॉर्म आणि पावती. शिमग्याला घरी गेलात तर आईवडील सरळ म्हणाले, आम्ही हे घर सोडून कुठेच येणार नाही. आता फ्लॅट नको म्हणून बिल्डरकडे गेलात तर त्याने त्याच फॉर्मची मागची बाजू दाखवली, बुकिंग रद्द केल्यास एकूण किमतीच्या २० टक्के रक्कम जप्त. ३२ लाखांचे २० टक्के बरोबर ६ लाख ४० हजार होतात, म्हणजे हातात काय तर पावती. आणि तुम्ही विचारताय, "सही तर मीच केली, कोणी हात धरला नव्हता, मग आता भांडायला तोंड आहे का?"

रत्नागिरीत वकिली करून वीसेक वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी ग्राहक आयोगातच गेली, त्यामुळे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पक्षकार खुर्चीत बसायच्या आधी मला माहीत असतं तो काय बोलणार. गंमत म्हणजे हे बोलतात ते सरळ लोक. ज्याला बुडवायचं असतं तो कधी विचारत नाही की मी बांधला गेलोय का. आणि समोरच्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो कायद्याचं काही बोलत नाही, फक्त तुमची सही तुमच्यासमोर धरतो. सातबाऱ्यावरचं एकेक नाव बोट ठेवून तपासणारा आमचा कोकणी माणूस बुकिंग फॉर्म मात्र उलटून बघत नाही, ह्याचं मला अजून कोडं आहे, पण ते असू दे.

माझ्या मते तुमचा प्रश्न थोडा चुकीच्या जागी उभा आहे. तुम्ही बांधले गेलात का, तर हो, गेलात. सही केली, पैसे दिले, करार झाला. विसर्जनापर्यंतची ऑफर म्हणजे जबरदस्ती नव्हे, ती दुकानदारी. १८७२ च्या करार कायद्यात मोकळ्या संमतीची व्याख्या आहे, त्यात धाकदपटशा, अनुचित दबाव, फसवणूक वगैरे येतं, आणि तुम्ही लिहिलंय त्यात मला तरी यातलं काही दिसत नाही. तेव्हा 'माझी संमतीच नव्हती' ह्या वाटेला जाऊ नका, तिथे हरण्याचीच शक्यता जास्त. पण बांधलं जाणं वेगळं आणि बाहेर पडायची किंमत समोरचा म्हणेल ती असणं वेगळं. वाद आहे तो फक्त ह्या किमतीचा. बिल्डर म्हणतो ६ लाख ४० हजार. कायदा काय म्हणतो ते बघू.

करार कायद्याचं कलम ७४ बघा. करार मोडल्यावर द्यायची रक्कम करारातच लिहिली असेल तर तो आकडा जसाच्या तसा वसूल होत नाही, तो आकडा म्हणजे वरची मर्यादा, त्याच्या आत राहून वाजवी भरपाई मिळते. वाजवी म्हणजे किती, तर नुकसानाच्या मानाने. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण ह्या खटल्यात हे चांगलं स्पष्ट केलंय. तिथे प्लॉटच्या लिलावातली ७८ लाखांची अनामत प्राधिकरणाने जप्त केली होती, आणि नंतर तोच प्लॉट पुन्हा लिलाव करून कितीतरी जास्त किमतीला विकला. कोर्ट म्हणालं नुकसान झालंच कुठे, पैसे परत करा. तुमच्यासाठी ह्यातला धडा इतकाच की बिल्डरला पहिला प्रश्न विचारायचा, तो फ्लॅट अजून रिकामा आहे की दुसऱ्याला दिलात? आणि दिला असेल तर कितीला? रत्नागिरी काय मुंबई नाही, चार ओळखीच्या लोकांत विचारलंत तर कळेल. फ्लॅट ३४ लाखांना गेला असेल तर ६ लाख ४० हजार कशाचे कापतोय हे त्याला सांगावं लागेल.

आता ह्याच्या उलट बाजूही सांगतो नाहीतर तुम्ही उगाच हवेत राहाल. अनामत म्हणून घेतलेली वाजवी रक्कम जप्त करायला कोर्टांचा विरोध नाही. तुमच्या प्रकरणात बिल्डरची चूक नाही, बांधकाम चालू आहे, ताबा लांबलेला नाही, तुमच्या घरच्यांचं मन बदललं. ते माणूस म्हणून अगदी समजतं मला, माझी आईसुद्धा पावसाळ्यात तीन दिवस लाईट नसताना गावचं घर सोडायला तयार नसते. पण बिल्डरने तुमच्यासाठी एक फ्लॅट अडवून ठेवला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक गेलं असेल, तर त्याची काहीतरी किंमत द्यावी लागणं ह्यात अन्याय नाही. करार करायचं स्वातंत्र्य असतं ते दोघांना असतं.

तुमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचा निकाल फेब्रुवारी २०२५ चा आहे, गोदरेज प्रोजेक्ट्स विरुद्ध अनिल कार्लेकर. तिथेही फ्लॅट ग्राहकानेच सोडला होता, बाजार पडला म्हणून, आणि करारात २० टक्के जप्तीची अट होती, तुमच्यासारखीच. सुप्रीम कोर्टाने करार एकतर्फी आहे म्हटलं आणि मूळ किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच कपात मान्य केली, बाकीचे परत. मात्र परताव्यावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेलं ६ टक्के व्याज काढून टाकलं, कारण शेवटी माघार ग्राहकाने घेतली होती. म्हणजे अगदी वाईट धरलं तरी तुमचे जाणार ३ लाख २० हजार, आणि ३ लाख २० हजार परत. शून्य नाही. हा झाला तुमचा तळ. आता वर कुठपर्यंत जाता येईल ते बघू.

इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि तुम्ही प्रश्नात नेमकं तेच लिहिलेलं नाही. इमारत महारेराला, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाला, नोंदलेली आहे का? महारेराच्या वेबसाईटवर प्रकल्पाचं नाव टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

नोंदलेली असेल तर तुमचं पारडं एकदम जड होतं. हे प्राधिकरण ज्या कायद्याखाली चालतं त्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत ॲग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेताच येत नाहीत. त्याने तुमच्याकडून फॉर्मवर २० टक्के घेतले. म्हणजे जी रक्कम तो जप्त करू म्हणतोय त्यातली अर्धी मुळात त्याने त्या दिवशी घ्यायलाच नको होती! शिवाय महारेराने २०२२ मध्ये अलॉटमेंट लेटरचा, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावे राखल्याच्या पत्राचा, नमुना ठरवून दिलाय, त्यात बुकिंग रद्द केल्यावर किती कापायचं ह्याचा तक्ताच आहे: लेटर मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काही नाही, १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. तुम्हाला सहा महिने झालेत, म्हणजे २ टक्के, ३२ लाखांवर ६४ हजार. त्याने तुम्हाला असं लेटर दिलंच नसेल, स्वतःचा जुना छापील फॉर्म वापरला असेल, तर तो म्हणेल हे मला लागू नाही. मी उलट म्हणेन की तू लेटर द्यायला हवं होतंस, दिलं नाहीस त्याचा फायदा तुलाच कसा? ह्यावर वाद होऊ शकतो, पण हा वाद तुमच्या बाजूने घालायला मला आवडेल.

नोंदलेली नसेल तर दोन शक्यता. आमच्याकडे छोट्या बिल्डिंगा खूप, तळमजल्यावर गाळे आणि वर सहा-आठ फ्लॅट. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा एकूण आठपेक्षा जास्त युनिट नसतील तर रेराची नोंदणी लागतच नाही. अशा वेळी आपला जुना १९६३ चा महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्याचं कलम ४ आहे, कुठलीही आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी ॲग्रीमेंट करून ते नोंदवायचं. म्हणजे तिथेही त्याचा कागद कच्चाच. दुसरी शक्यता, इमारत मोठी आहे, नोंदणी लागते आणि तरी केलेली नाही. तसं असेल तर जाहिरात करणं आणि बुकिंग घेणं हेच बेकायदा, दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मग तो 'गणपती ऑफर'चा बॅनर सोन्याचा झाला म्हणा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर जपून ठेवा.

आता ग्राहक कायद्याकडे येतो, कारण 'सही केली म्हणजे संपलं' ह्या समजाला खरा धक्का तिथेच बसलाय. जुना करार कायदा धरून चालतो की दोन माणसं समोरासमोर बसली, घासाघीस केली आणि ठरलं. बैल विकताना, कलमांची बाग फळावर देताना अजूनही तसंच होतं, बागवाला आणि व्यापारी दोघे तयारीचे असतात. पण छापील फॉर्मवर कसली घासाघीस? तुम्ही त्या ऑफिसात म्हणाला असतात की मागच्या पानावरचं अमुक कलम मला मान्य नाही, खोडा, तर समोरची मुलगी म्हणाली असती, सर, फॉर्म स्टँडर्ड आहे. घ्यायचं तर आहे तसं घ्या. फ्लॅट घ्यायचा की नाही एवढीच निवड तुमच्या हातात होती, अटी कुठल्या ह्याची नव्हती. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पायोनिअर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन ह्या निकालात हेच धरलं. तिथे ग्राहकाला उशीर झाला तर १८ टक्के व्याज आणि बिल्डरला झाला तर ९. कोर्ट म्हणालं की ग्राहकापुढे ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्याशिवाय पर्यायच नव्हता, अशी अट त्याच्यावर बंधनकारक नाही, आणि अशा अटी घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा.

२०१९ चा नवा ग्राहक कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तर 'अनुचित करार' अशी वेगळी व्याख्याच आली. अवाजवी अनामत मागणं, करार मोडल्यावर नुकसानाच्या मानाने भलताच दंड लावणं, कर्ज मुदतीआधी फेडू न देणं, सबळ कारण नसताना एकट्याने करार रद्द करायचा हक्क ठेवणं, ग्राहकाला न विचारता त्याच्या तोट्याचं होईल असं करार दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं, आणि शेवटचं म्हणजे ग्राहकाला तोट्यात घालणारा कुठलाही अवाजवी आकार किंवा अट. तुमचे २० टक्के दुसऱ्या प्रकारात सरळ बसतात.

पण एक मेख आहे आणि ती बऱ्याच वकिलांच्याही लक्षात येत नाही. 'अनुचित करार' म्हणून अट रद्दबातल ठरवून मागायची तर ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात मुंबईला करावी लागते, रक्कम कितीही लहान असो. ६ लाखांसाठी राज्य आयोगाच्या तारखा धरायच्या का हा विचार करा. मी अशा वेळी जिल्हा आयोगातच जातो आणि तक्रार 'अनुचित व्यापारी प्रथा' आणि 'सेवेतील त्रुटी' म्हणून मांडतो, अट रद्द करा असं न मागता पैसे परत द्या एवढंच मागतो. पायोनिअरचा निकाल लागला तेव्हा अनुचित कराराची व्याख्या कायद्यात लागूही नव्हती, तो जुन्या कायद्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेवरच लागला, तेव्हा हा रस्ता काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. समोरचा वकील हरकत घेतो, बहुतेक वेळा निभावतं.

कुठल्या जिल्ह्यात? फॉर्मवर 'सर्व वाद रत्नागिरी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' असं असणारच, पण नवीन कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा कमावतो तिथे तक्रार करायची मुभा दिलीय, म्हणजे तुम्ही ठाणे जिल्हा आयोगात जाऊ शकता. तुमची केस सगळी कागदावरची आहे, साक्षीदार नाही की जागा बघायची नाही, त्यामुळे रजा टाकून कोकणकन्येने ये-जा करण्यात अर्थ नाही (स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय). वाद कोर्टात न नेता खाजगी लवादाकडे न्यायचा अशी अट असली तरी घाबरू नका, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात एमार एमजीएफच्या प्रकरणात ठरलंय की त्याने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. फी तुम्ही भरलेल्या रकमेवर, ५ ते १० लाखांमध्ये २०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. महारेरात जायचं तर फी ५ हजार, तिथेही सलोखा मंच आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या इम्पीरिया निकालाप्रमाणे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत पण एकाच पैशासाठी दोन्हीकडे धावू नका.

सहीला काहीच किंमत नाही असं मात्र समजू नका, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. एक आंबेवाला माझ्याकडे आला होता, ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या पेट्या दोन दिवस उशिरा पोचल्या आणि अर्धा माल खराब झाला. पावतीच्या मागे जबाबदारी अगदी किरकोळ रकमेपुरती लिहिलेली आणि खाली ह्याची सही. समोरच्या वकिलाने १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा भारती निटिंगचा निकाल काढला, त्यात कुरियरच्या सही केलेल्या पावतीवरची मर्यादा कोर्टाने कायम ठेवलीय. त्यावर कडी म्हणजे आमचा माणूस धंद्यासाठी माल पाठवत होता, तेव्हा तो ग्राहकच नाही असाही मुद्दा आला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण ह्याच्याकडे चार गाड्या आणि पंधरा माणसं. शेवटी फारच थोडक्यावर मिटवावं लागलं. तुम्हाला ह्यातून घ्यायचं ते असं: फ्लॅट आईवडिलांना राहायला घेतला होता हे प्रत्येक पत्रात लिहा आणि व्हॉट्सॲपवर कोणाला 'इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतला' असं फुशारकीने लिहिलं असेल तर मला आत्ताच सांगा, आयोगात कळायला नको.

आता करायचं काय. पहिलं, तोंडी बोलणं बंद. रद्द करतोय असं ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा, तारीख त्या दिवसापासून धरली जाते. त्यात कारण दोन ओळींत, २ टक्के म्हणजे ६४ हजार कापून ५ लाख ७६ हजार परत करा, जास्त कापायचे तर नुकसानाचा हिशोब लेखी द्या, आणि फ्लॅट पुन्हा विकलात का ते कळवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. जीएसटी वेगळा भरला असेल तर तोही मागा. बँकेचं कर्ज मंजूर करून घेतलं असेल तर त्यांनाही कळवा, आणि बँकेने बिल्डरला हप्ता सोडला असेल तर वरचं बरंच गणित बदलतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तर नाही आलं तर १९१५ ह्या राष्ट्रीय हेल्पलाईनवर तक्रार टाका, कधीकधी तेवढ्यानेही फोन येतो. नंतर वकिलाची नोटीस, मग आयोग.

माझा अंदाज विचाराल तर तो आधी निम्मे देतो म्हणेल, नोटीस गेल्यावर ४ लाखांवर येईल. ५ लाखांच्या आसपास एकरकमी चेक मिळत असेल तर मी तुमच्या जागी घेईन. कायद्यात तक्रार निकाली काढायची मुदत तीन महिन्यांची लिहिलीय खरी, पण प्रत्यक्षात तुम्ही वर्षं धरा, आणि ७६ हजारांसाठी एवढी वर्षं घालवायची नाहीत. ४ लाखांवर अडला तर मात्र सोडू नका, आयोगात जाऊन पुढे मध्यस्थीतही बसता येतं.

आणि मिटवायला ऑफिसात बोलावतील तेव्हा तो एक 'कॅन्सलेशन फॉर्म' पुढे करेल, तोही छापील. त्यात शेवटी बारीक अक्षरात असतं की 'मला मिळालेली रक्कम पूर्ण व अंतिम असून माझी कोणतीही तक्रार नाही'. चेक हातात पडून खात्यात वटेपर्यंत त्या कागदावर सही नाही आणि मूळ पावती द्यायची नाही, झेरॉक्स द्या. ती मुलगी म्हणेल फॉर्म स्टँडर्ड आहे. ह्या वेळी उलटून मागची बाजू वाचा.